दिवसा ऑरोरा आणि थरथरणारी रेघ

प्रश्न : नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर म्हणे भर दिवसा ऑरोरा (ध्रुवांजवळच्या आकाशात दिसणारा रंगीत उजेड) दिसतो आणि त्याच वेळी तिथल्या मॅग्नेटोमीटरची, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या यंत्राची, रेघ पण थरथरत असते. मग ऑरोरामुळे चुंबकीय क्षेत्र हलतं की उलटं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : बऱ्याचदा दोन्ही नाही. दोघांना हलवणारा तिसराच असतो, सौरवारा, म्हणजे सूर्याकडून सतत वाहत येणारे विद्युतभारित कण.

आधी 'दिवसा'चं बघू. स्वालबार्ड ७८ अंश उत्तरेला (भारताचं हिमाद्री संशोधन केंद्र पण तिकडेच आहे), डिसेंबरात सूर्य दुपारी बारालासुद्धा क्षितिजाच्या ११-१२ अंश खालीच, म्हणजे घड्याळात सकाळचे दहा वाजलेत आणि बाहेर काळोख. नेमकं त्याच सुमाराला ही बेटं पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला सूर्याच्या बाजूने जो नरसाळ्यासारखा खळगा पडलाय, कस्प म्हणतात त्याला, त्याच्या खाली येतात. तिथून सौरवाऱ्याचे इलेक्ट्रॉन जवळजवळ थेट खाली घुसतात, पण त्यांच्यात दम कमी, त्यामुळे अडीचशे किलोमीटरच्या आसपास वरच थांबतात आणि तिथला ऑक्सिजन लाल उजळतो.

आता थरथर. सौरवारा पृथ्वीच्या पुढ्यात आदळतो तेव्हा त्यातले काही आयन (विद्युतभारित अणू) उलटे फिरतात, त्यांच्यामुळे लाटा उठतात आणि त्या आत शिरून जमिनीपर्यंत पोचतात. एकेक हेलकावा १० ते ४५ सेकंदांचा असेल तर त्यांना पीसी-३ म्हणतात. पन्नासेक हजार नॅनोटेस्लाच्या (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) क्षेत्रात हलतं किती, तर जेमतेम काही नॅनोटेस्ला! याच लाटा खाली पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची धार कमीजास्त करू शकतात, मग उजेड पण त्याच तालात कमीजास्त होतो. अगदी एकतर्फी नाही हं हे, ऑरोरामुळे वरच्या हवेतून वीज जास्त वाहते, तिचा परिणाम रेघेवर होतोच.

पण ताल जुळतो का हे लाल रंगात बघायला गेलात तर फसाल. ऑक्सिजनचा अणू तो लाल प्रकाश सोडायला सरासरी ११० सेकंद घेतो, त्यात ३० सेकंदांचा ठेका पुसूनच जातो, ऑक्सिजनच्याच हिरव्या प्रकाशाला मात्र एक सेकंदही लागत नाही म्हणून पीसी-३ शोधायचं तर हिरव्यातच शोधावं. पीसी-५ चं, म्हणजे १५० ते ६०० सेकंदांचं स्पंदन लालमध्येही सापडू शकतं, फक्त तिथे वेगळीच भानगड आहे. कस्पजवळ सौरवाऱ्याच्या आणि पृथ्वीच्या चुंबकीय रेषा तुटून एकमेकींना जोडल्या जातात ते पण थांबून थांबून, काही मिनिटांच्या अंतरानेच, आणि दर वेळी लाल पट्टा ध्रुवाकडे सरकतो. एकाच ठिकाणची रेघ बघून ही लाट की ती जोडणी हे ठरवणं अवघड, त्यासाठी उत्तर-दक्षिण ओळीत बसवलेले बरेच मॅग्नेटोमीटर आणि पूर्ण आकाश टिपणारा कॅमेरा एकत्र लागतो.