रावेरला वडिलांच्या पायाची मधुमेही जखम भरत नाही. अस्थिमज्जेतल्या मूळपेशींचं इंजेक्शन दिलं तर नवी त्वचा येते का?

थेट त्वचा बनवण्याचं काम या पेशी फारसं करत नाहीत. त्या जखम भरणाऱ्या इतर पेशींना कामाला लावतात. धुळ्यात वैद्यकीय विद्यार्थ्यांना शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, त्या आधारावर सांगतो. नवं कातडं मुख्यतः जखमेच्या कडेच्या त्वचेतल्या आणि केसांच्या मुळांतल्या मूळपेशींपासून येतं. मज्जेतल्या मेसेनकायमल पेशी (या मूळपेशींचा एक प्रकार) व्हीईजीएफसारखी, म्हणजे रक्तवाहिन्या वाढवणारी, प्रथिनं सोडतात. त्यामुळे नव्या बारीक रक्तवाहिन्या तयार होतात, रेंगाळलेली सूज ओसरते. (मज्जेत त्या इतक्या विरळ, की आधी प्रयोगशाळेत वाढवाव्या लागतात.) पण आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असा उपचार मान्यताप्राप्त संशोधन-चाचणीतच (क्लिनिकल ट्रायल) देता येतो. कुणी इंजेक्शनचे पैसे मागत असेल तर देऊ नका. साखर आणि पायाचा रक्तपुरवठा आधी तपासून घ्या, जखमेवर भार पडू देऊ नका.