मशीन नंतर, आधी एकत्र बेतायला बसा

इंदूरच्या निपानिया भागातल्या एकाच सोसायटीतल्या तुम्ही चौघी, मुलं तीन ते नऊ वर्षांची, एकीच्या सासूबाईंचं जुनं पायाचं मशीन घरात. संक्रांतीला वाण म्हणून घरी शिवलेल्या पिशव्या द्यायच्या आहेत, फेब्रुवारीत एका मैत्रिणीचं बाळंतपण आहे, शिवाय मुलांसाठीही काहीबाही शिवायचंय. दुसरं मशीन घ्यावं का, इंदूरमध्ये कापड कुठून आणावं आणि सुरुवात कशानं करावी, असं तुम्ही विचारलंय.

मशीन घेऊ नका. निदान संक्रांत होईपर्यंत तरी. मैत्रिणींनी मिळून शिवायचं म्हटलं की चार मशीनं शेजारी-शेजारी खडखडतायत असं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात त्या आवाजात कुणाचं कुणाला ऐकू येत नाही आणि प्रत्येकीची मान खाली. जमून करण्यासारखं काम आहे ते बेतण्याचं. कापड पसरायला मोकळी फरशी लागते, एकीनं टोक धरायचं, दुसरीनं खडूनं आखायचं, आणि तिसरीनं कात्री चालायच्या आधी विचारायचं, "अगं, माया धरलीस ना?" माया म्हणजे शिवणीसाठी सोडलेलं जादा कापड. टीप चुकली तर उसवता येते, कात्री चुकली की संपलं. म्हणून चार डोकी कात्रीपाशी हवीत. टीप मारायला एकटी पुरते.

एक दुपार फक्त बेतायला ठेवा. प्रत्येक वस्तूचे तुकडे टाचणीनं एकत्र लावून वेगळ्या पिशवीत भरा आणि वर कागदावर लिहा, कुणाचं, काय, किती माया धरली. पुढच्या बैठकीत एक जण मशीनवर, एक इस्त्रीवर, दोघी हातशिलाईवर: हेम, बटणं, नाड्या उलटवणं. इस्त्रीवाली मोलाची, तिला कमी लेखू नका. प्रत्येक टीप मारून झाली की माया दाबून घेतली तरच वस्तू दुकानातल्यासारखी दिसते. शेवटी एकदाच वरवर इस्त्री फिरवून ते होत नाही.

आता कापड. एम. टी. क्लॉथ मार्केट, म्हणजे महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केट, हे नाव सगळेच सांगतील. पण तिथला व्यवहार मुख्यतः ठोक, थानाच्या थान. दोन मीटर पॉपलीन मागितलं तर काही दुकानदार बोलतात, काही नुसते बघतात. तुम्ही चौघी मिळून पिशव्यांसाठी एकच कापड भरपूर घेणार असाल तर तिथे जरूर जा, फायदा होईल. मीटर-दोन मीटरसाठी, अस्तरासाठी, लेस-किनारीसाठी सीतलामाता बाजार आणि राजवाड्याच्या आसपासच्या गल्ल्या बऱ्या. गाडी लांब लावा आणि पायी फिरा. कटपीसच्या गठ्ठ्यात हात घालायला लाजू नका, मुलांच्या कपड्यांना लागतंच कितीसं कापड. आणि हो, हिवाळ्यात जात असाल तर पांढरी मलमल हातात घेऊन गराडू, म्हणजे तळलेला कंद, खायला थांबू नका. तेलाचा डाग मलमलीवरून जाता जात नाही.

दुकानात आधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. 36 इंच पन्ह्याचं आणि 44 इंच पन्ह्याचं कापड एकाच भावाचं असेल तर दुसरं उघडच स्वस्त. तीन वर्षांच्या मुलीच्या साध्या फ्रॉकला 36 पन्ह्याचं सव्वा मीटर धरा, मोठ्या पन्ह्याचं एक मीटरही पुरतं. मग कापड मुठीत आवळून सोडा, चुण्या कशा राहतात पाहा. अंगठ्यानं जोरात घासून बघा. पांढरी भुकटी पडली तर खळ भरपूर आहे, धुतल्यावर ते कापड निम्म्या अंगाचं होईल.

घरी आणल्याबरोबर धुवा. कापण्याआधी. हे पाळायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो, मी मात्र यात कुणालाही सवलत देत नाही. साधं सुती कापड शंभरात तीन ते पाच भाग आटतं, खादी आणि हातमाग त्याहून जास्त. मीटरभर कापडावर पाच सेंटिमीटर म्हणजे फ्रॉकची दुमड गेलीच. रात्रभर साध्या पाण्यात भिजवायचं, सकाळी खळबळून, न पिळता, सावलीत. ओलसर असतानाच ताणा-बाणा, म्हणजे उभे-आडवे धागे, सरळ करून इस्त्री करायची. गडद कापड वेगळं भिजवा. पाण्यात मूठभर मीठ टाकलं की रंग पक्का होतो असं इथे दर महिन्याला कुणीतरी लिहितं. रंगवताना, रंगाच्या भांड्यात मिठाचं काम असतं. रंगून आलेल्या कापडावर ते काही करत नाही. जादा रंग निघून जाईपर्यंत धूत राहणं एवढाच उपाय.

यावरून आठवलं, वाणासाठी तुम्ही बाग प्रिंट म्हणताय. चांगली निवड आहे, आपल्याच धार जिल्ह्यातली. बाग गावची ठशांची छपाई, फिटकरीवर चढवलेला लाल आणि लोखंडाच्या गंजापासून केलेला काळा. पण नवं कापड पहिल्या एक-दोन धुण्यांत थोडा रंग सोडतं. पिशवीत पांढरं अस्तर घालणार असाल तर दोन्ही कापडं आधी वेगवेगळी धुऊन घ्या, नाहीतर पहिल्या पावसात अस्तर गुलाबी. महेश्वरीच्या जुन्या साड्या असतील तर त्यांचे काठ तेवढे वापरा. ताणा रेशमाचा, बाणा सुताचा, जुना झाला की तो भाजीचा भार सोसत नाही. सुती पाठ लावून छोट्या बटव्यांवर ते काठ सुरेख दिसतात.

पिशवी करायची तर अशी करा की वाण घेणारीनं ती भाजीला न्यावी, कपाटात ठेवू नये. अंगानं जाड कापड, तयार माप साधारण 15 बाय 16 इंच, तळाला दोन्ही कोपरे तिरपे शिवून बैठक दिलेली. पिशवी तुटते ती कायम हॅण्डलपाशी. म्हणून हॅण्डल काठावर चिकटवल्यासारखं शिवू नका. दीड-दोन इंच खाली उतरवा, चौकोनी टीप मारा आणि त्या चौकोनात फुली. हॅण्डलची लांबी 22 ते 24 इंच ठेवली तर खांद्यावरही जाते. जुन्या जीन्सच्या पायांची पिशवी आयुष्यभर टिकते, पण तिला 16 नंबरची सुई आणि लांब टीप हवी. जाड शिवणीवरून जाताना पायाचा वेग कमी करून चाक हातानं फिरवा. वाण रथसप्तमीपर्यंत देता येतं, तेव्हा सगळ्या पिशव्या 14 जानेवारीला तयार नसल्या तरी आकाश कोसळत नाही. कापायला मात्र दिवाळीचा फराळ संपला की बसा.

आता बाळंतविडा. याबद्दल मला जास्त सांगायचंय, कारण हौसेनं सगळ्यात जास्त बिघडतो तोच. झबली, टोपडी, कुंची, दुपटी, लंगोट, गोधडी, एवढं धरा. सगळ्यात उपयोगी काय, तर दुपटी आणि लंगोट, आणि नेमकी तीच कुणी देत नाही कारण दिसायला साधी. जुन्या सुती साड्या, धुऊन-धुऊन मऊ झालेली धोतरं यांच्यापुढे दुकानातली नवी मलमलही फिकी. फक्त उन्हासमोर धरून विरलेली जागा बघून घ्या.

झबलं अगदी नवजात मापाचं एखादंच करा, बाकी तीन ते सहा महिन्यांच्या मापाची. बाळ पहिल्या मापातून पाहता-पाहता बाहेर येतं आणि मग तुमची मेहनत आठवण म्हणून ट्रंकेत. पुढून उघडं आणि बंदांनी बांधायचं झबलं सगळ्यात सोयीचं, डोक्यातून घालायला लागत नाही. नवजात झबल्याच्या शिवणी बाहेरच्या बाजूला ठेवायची आपल्या आजी-पणजींची पद्धत होती, ती चालू ठेवा, बाळाला शिवण टोचत नाही. शिवण आत हवीच असेल तर आधी सुलट बाजू बाहेर ठेवून टीप मारा, माया बारीक कापा, उलटवा आणि दुसरी टीप. कच्ची कड आतच बंद होते. गळ्याला आणि मुंढ्याला (बाही जोडायच्या जागी) उरेब, म्हणजे तिरकी कापलेली पट्टी, इथले दुकानदार तिला क्रॉस पट्टी म्हणतात. ती तयार विकत मिळते, पण त्याच कापडाची घरी कापलेली जास्त मऊ बसते. कापड कोनात दुमडून 45 अंशांवर कापायचं, दीड इंच रुंद.

सजावटीत हात आखडा. जर, टिकल्या, आरसे, मोती बाळाच्या कपड्यावर नकोत. तीन वर्षांआतलं मूल हाताला लागेल ते तोंडात घालतं, बटण असेल तर ते घट्ट, देठाला दोरा गुंडाळून लावलेलं हवं. बंद असतील तर आखूड, हातभर लोंबणारे नको. कुंचीचे बंद हनुवटीखाली बांधायचे असतात, म्हणून ती बाहेर नेताना घालायची, झोपताना काढायची. गळ्याशी लोंबणाऱ्या दोऱ्या आणि टोपीतल्या नाड्या यांबाबत मुलांच्या कपड्यांच्या युरोपातल्या नियमांत सक्त मनाई आहे आणि ती वायफळ नाही. गोधडीही खाली अंथरायला, दुपारी तिच्यावर पालथं पडायला. वर्षाच्या आतल्या झोपलेल्या बाळावर जाड पांघरूण घालू नये, हे सासूबाईंना गोड शब्दांत सांगायची जबाबदारी तुमची.

तुमच्यातल्या एकीला पुढच्या संक्रांतीला बोरन्हाणाचं काळं झबलंही करायचंय असं लिहिलंय. काळं सुती कापड घाम आला की रंग सोडतं, ते बरेचदा धुवा आणि आत मऊ अस्तर द्या, काळंच. हलव्याचे दागिने नुसत्या दोऱ्यात ओवू नका, कापडी पट्टीवर एकेक दाणा टाक्यानं धरून बसवा. नाहीतर मूल सगळ्यात आधी तेच ओढून तोंडात घालतं.

मोठ्या मुलांच्या कपड्यात सगळ्यांचा घोटाळा होतो तो गळ्याशी. मूल लहान, म्हणून गळा लहान कापला जातो, पण मुलांचं डोकं अंगाच्या मानानं मोठं असतं. दोन वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर 48 सेंटिमीटरच्या आसपास. गळ्याचा घेर त्याहून कमी असेल तर मागे उघडी फट आणि एक बटण हवंच. कापण्याआधी टेपनं डोकं मोजा, फ्रॉक डोक्यात अडकून रडणारं मूल आणि हसणाऱ्या मावश्या, दोन्ही टळेल. चड्डीत इलॅस्टिक कमरेच्या मापापेक्षा इंच-दीड इंच कमी, आणि त्याच्या नळीला थोडी फट सोडा म्हणजे पुढे बदलता येईल. खाली दुमड दोन इंचांची ठेवा, वर्षभर उसवून वाढवता येते.

मुलांना कामात घ्याच, फक्त त्यांना दाखवायला काम देऊ नका. पाच-सहा वर्षांच्याला गोणपाटाचा तुकडा, बोथट जाड सुई आणि लोकर, धावदोरा घालू दे. तिरका आला तर तिरका. त्याचा बुकमार्क होतो, खजुरी बाजारातल्या जुन्या पुस्तकांत शोभून दिसतो. नऊ वर्षांच्या मुलीला मशीन शिकवायचं असेल तर पायाच्या किंवा मोटरच्या आधी हाताचं मशीन शोधा. हात थांबला की सुई थांबते, घाबरायला कारण उरत नाही. मिळालं नाही तर तुमच्याच मशीनचा पट्टा काढा आणि चाक हातानं फिरवू दे. पहिले दिवस दोरा न ओवता कागदावर आखलेल्या रेषेवरून टोचत जायचं. टाचण्या मोजून द्या, मोजून घ्या.

राहिलं ते जुनं मशीन. दुरुस्तीवाल्याकडे नेण्याआधी तीन गोष्टी करा. तेल घाला आणि चिंधीवर तासभर चालवा, काळं तेल निघून जाऊ दे. सुई नवी घाला, मलमलीला 9 किंवा 11, पॉपलीनला 14. आणि दाबपट्टी, म्हणजे सुईखाली कापड दाबून धरणारा पाय, वर उचलून दोरा ओवा, खाली असताना ओवला तर दोरा ताणाच्या चकत्यांत बसत नाही आणि कापडाखाली गुंते होतात. गुंता खाली दिसतो म्हणून सगळ्या बॉबिनला शिव्या देतात, दोष वरच्या दोऱ्याचा असतो. सासूबाईंच्या डब्यातल्या जुन्या रिळांचा दोरा हातानं झटका देऊन बघा, तुटला तर तो कच्चा टाका घालायला ठेवा.

एवढं चाललं की मग मार्चमध्ये मशीनचं बघू. तोवर कुणाला झबल्याचा कागदी साचा हवा असेल तर तुमच्या मैत्रिणीला बाळाचे कपडे पुढून उघडे हवेत की मागून, एवढं विचारून इथे लिहा. माझ्याकडे दोन्ही आहेत, फोटो टाकते.