फ्रॅक्टल भूमिती: नवख्याने कोणत्या पुस्तकापासून सुरुवात करावी?

फ्रॅक्टल म्हणजे असा आकार, ज्याचा छोटा तुकडा मोठा करून पाहिला तरी पूर्ण आकारासारखाच दिसतो. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहात, नाशिकमध्ये राहता आणि लॉगॅरिदमच्या पुढचं गणित फारसं झालेलं नाही, असं तुम्ही प्रश्नात लिहिलंय. मग डोळे झाकून केनेथ फाल्कनर यांचं 'फ्रॅक्टल्स: अ व्हेरी शॉर्ट इंट्रोडक्शन' (२०१३) घ्या. छोटंसं आहे. त्यांचंच १९९० चं जाडजूड 'फ्रॅक्टल जॉमेट्री' मात्र आत्ता नको. त्याला अ‍ॅनालिसिसचा (सीमा, सातत्य यांच्या काटेकोर गणिताचा) पाया लागतो.

'फ्रॅक्टल' हा शब्द रूढ करणारे गणितज्ञ मँडेलब्रॉट यांचं १९८२ चं 'द फ्रॅक्टल जॉमेट्री ऑफ नेचर' सगळेच सुचवतात. चित्रं झकास, पण ते चाळायचं पुस्तक, शिकायचं नव्हे (माझं मत).

वाचण्याआधी एक करून बघा. वहीत ९ सेंमीची रेघ ओढा. मधले ३ सेंमी खोडून तिथे ३-३ सेंमीच्या दोन रेघांचा तंबू उभा करा. लांबी झाली १२. आता चारही तुकड्यांवर तेच करा: १६. दर फेरीला लांबी चार-तृतीयांश पट, म्हणजे वाढतच जाणार, कागद मात्र तेवढाच! हा कॉख या गणितज्ञाचा वक्र, एक फ्रॅक्टलच. एका तुकड्याचे चार होतात, प्रत्येक एक-तृतीयांश आकाराचा. म्हणून मिती (डायमेन्शन; रेघेची १, पृष्ठभागाची २) लॉग ४ भागिले लॉग ३, साधारण १.२६. रेघेपेक्षा जास्त, पृष्ठभागापेक्षा कमी. हे पटलं की पुस्तक सोपं जातं.

शहरातल्या दुकानांत बहुतेक परीक्षेचीच पुस्तकं दिसतात, त्यामुळे ऑनलाइन मागवा. त्याआधी सावानात (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) आणि कॉलेजच्या लायब्ररीत एकदा विचारून या.