पुराचा पाठ मुलांच्या हातांनी

प्रिय नव्या सहकाऱ्यास,
अनेक आशीर्वाद.

दुसरी-तिसरीच्या मुलांना पुरापासूनचा बचाव कसा शिकवावा, असे तू विचारले आहेस. सूचनांचा तक्ता पाठ करून घेण्यापेक्षा पाणी काय करते हे मुलांना स्वतः करून पाहू द्यावे, असे माझे ठाम मत आहे.

आपल्याकडे खानदेशात गावात ऊन पडलेले असतानाही नदीला पूर येतो. सातपुड्यात, मध्य प्रदेशात किंवा विदर्भात जोराचा पाऊस झाला की तापी-पूर्णा भरून येतात, भुसावळजवळच्या हतनूर धरणाच्या ४१ दरवाजांपैकी काही उघडावे लागतात आणि खालच्या काठांवर पाणी चढते. लहान मुलाला हे नुसत्या सांगण्याने पटत नाही. म्हणून अंगणात ओल्या मातीचा उतार रचावा, त्यात बोटाने नदी कोरावी आणि खालच्या काठावर काड्यापेट्यांची घरे मांडावीत. एकाने वरच्या टोकाला तांब्याने पाणी ओतावे, बाकीच्यांनी घरांकडे लक्ष ठेवावे. घरांवर थेंबही न पडता ती वाहून का गेली, याचे उत्तर मुलांनाच शोधू दे. ती अहिराणीत बोलली, तर अहिराणीतच बोलू दे.

दुसरा प्रयोग गढूळ पाण्याचा. माती कालवलेल्या बादलीच्या तळाशी वीट आहे की नाही, हे आधी नुसते पाहून आणि मग काठीने चाचपून सांगायला लाव. पाण्याखालची फरशी, म्हणजे नदी-नाल्यावरचा ठेंगणा पूल, शाबूत आहे की खचली आहे, हे वरून कळत नाही, ते तेव्हा त्यांना उमगते. कंपासपेटीतली १५ सेंटिमीटरची पट्टी प्रत्येकाने आपल्या पायाला लावून पाहावी. तेवढ्याच खोलीचे, पण वेगाने वाहणारे पाणी मोठ्या माणसालाही पाडू शकते. हे सारे शाळेतच करावे, मुलांना नदीवर कधीही नेऊ नये, आणि प्रयोग संपताच बादल्या रिकाम्या कराव्यात.

सर्वांत जास्त वेळ मात्र नकार देण्याच्या सरावाला दे. खडूने फरशी आखावी, एकाने काका होऊन ‘काही होत नाही, बस गाडीवर’ म्हणावे आणि दुसऱ्याने ठामपणे मागे फिरावे. लहान मूल पुरात बहुधा मोठ्यांचा हात धरूनच उतरते, त्यामुळे हा सराव मला प्रयोगांहूनही मोलाचा वाटतो. ११२ हा आपत्कालीन मदतीचा क्रमांक आणि घरचा फोन नंबर तोंडपाठ करून घ्यायला फार वेळ लागणार नाही.

ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांनी जे नुकसान केले, ते अनेक घरांत अजून बोलले जाते. ज्या मुलाच्या घराने पुराची झळ सोसली असेल, त्याला वर्गासमोर बोलण्याचा आग्रह करू नकोस.

फरशीचा खेळ जूनच्या पालकसभेत मुलांकडूनच करून दाखव, कारण गाडी पाण्यात घालायची की नाही हे पालकच ठरवतात. पुराच्या वेळी जमायची उंच जागा नेमताना शाळेच्या आवारात पूर्वी कधी पाणी आले होते का, हे गावातल्या जुन्या माणसांना आधी विचारून घे.

तुझा,
एक जुना शिक्षक