सरकार बदललं की आपल्या खिशात काही फरक पडतो का?

प्रश्न: सर, घरात रोज वाद. वडील म्हणतात सत्तेत कोण त्यावर सगळं चालतं, मी म्हणतो कुणीपण येऊ दे, आपल्याला काय फरक? – एक वाचक, निपाणी

उत्तर: अर्थव्यवस्थेच्या वाढीचं म्हणाल तर तुमची बाजू बरी आहे. अमेरिकेत ब्लाइंडर आणि वॉटसन या अर्थतज्ज्ञांनी २०१६ ला हिशोब मांडला, दुसऱ्या महायुद्धानंतर डेमोक्रॅट अध्यक्षांच्या काळात वाढ वर्षाला सरासरी ४.३३ टक्के, रिपब्लिकनांच्या काळात २.५४, एवढा फरक! पण कारणं शोधली तर सरकारी खर्च नि व्याजदर नाही, तेलाचे भाव, उत्पादकता असलंच जास्त निघालं, म्हणजे बराचसा नशिबाचा भाग. आपल्याकडं तर ऊसाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचाच तो किमान भाव, दिल्लीत ठरते, बेंगळूरात कोण बसलंय त्यानं ती हलत नाही.

वाटपात मात्र वडील जिंकले. २०२३ ला काँग्रेस आली नि शक्ती योजनेत बायकांना कर्नाटकात सरकारी बस फुकट, वर गृहलक्ष्मीचे महिन्याला २००० घरच्या कर्त्या बाईच्या खात्यात. पलीकडं महाराष्ट्रात, कागलात बायकांना एसटीचं अर्धं तिकीट नि लाडकी बहीणचे १५००, तिथं सरकार दुसऱ्यांचं. निपाणीची बिडी वळणारी बाई चिकोडीला फुकट जाते पण कोल्हापूरला जायचं तर शक्ती चालत नाही, पैसे मोजा! आता एवढ्यानं विषमता कमी झाली असं मी म्हणणार नाही, महिन्याला २००० नं किराणा भागतो, जमीन येत नाही. आणि हो, निवडणूक जवळ आली की सगळेच पक्ष वाटायला लागतात, तेव्हा वडिलांना विचारा, जाहीरनाम्यात फरक दाखवा बघू.