इंग्रजी जमत नाही म्हणून जर्मन घेऊ का?

कागल तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीचं पत्र आलं आहे. नाव छापू नका, अशी तिची विनंती आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता कोल्हापुरात मेकॅनिकल डिप्लोमाचं शेवटचं वर्ष. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) ट्रेनिंग झालंय, गुण चांगले आहेत, पण मुलाखतीत इंग्रजीत प्रश्न आला की तोंडातून शब्द फुटत नाही. एकदा वर्गात वाचताना ती 'गेज'ला (माप तपासायच्या साधनाला) 'गॉज' म्हणाली आणि सगळे हसले. तेव्हापासून तिनं चारचौघांत इंग्रजी बोलणंच सोडलं. मैत्रीण सांगते, इंग्रजी ही जगातली सगळ्यात अवघड भाषा, त्यापेक्षा जर्मन किंवा जपानी शीक, बाहेरदेशी नोकरी लागेल. वडील क्लासची फी भरायला तयार आहेत. तिचे प्रश्न दोन: इंग्रजी खरंच एवढी अवघड आहे का, आणि फी कशावर घालू?

प्रिय विद्यार्थिनी,

आधी मैत्रिणीच्या म्हणण्याचा निकाल लावू, कारण तुझा सगळा बेत त्यावर उभा आहे. जगातली सगळ्यात अवघड भाषा अशी कुठलीच नसते. पन्हाळा किती लांब, असं कुणी विचारलं तर आपण आधी 'कुठून?' म्हणून विचारतो. भाषेचं अंतरही तू कुठून निघालीस यावर ठरतं.

सोप्या-अवघड भाषांच्या ज्या याद्या मोबाइलवर फिरतात, त्यातल्या बऱ्याच अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेवरून घेतलेल्या असतात. परदेशी नेमणुकीआधी अधिकाऱ्यांना तिथं भाषा शिकवतात. त्यांच्या हिशेबानं जर्मनला साधारण 36 आठवडे लागतात, हिंदीला 44 आणि जपानीला 88. म्हणजे या यादीप्रमाणे हिंदी तुला जर्मनपेक्षा जड जायला हवी होती. तू तर हिंदी कधी शिकलीस हे तुला सांगताही येणार नाही. यादीत खोट नाही. ती इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसांसाठी केलेली आहे, आणि त्यात इंग्रजी अर्थातच नाही.

तुझ्या पत्रातली एक ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. संकेश्वरला मावशीकडे सुट्टीत राहून राहून कन्नड समजायला लागली, मोडकंतोडकं बोलतेही, असं तू सहज लिहून गेलीस. कन्नड द्राविडी कुळातली. इंग्रजी मात्र मराठीच्या लांबच्या नात्यातली, दोघी इंडो-युरोपीय. कुळ बघून सोपं-अवघड ठरत असतं तर उलटं व्हायला हवं होतं. कन्नड आली, कारण मराठी आणि कन्नड शेकडो वर्षं शेजारी नांदल्या आणि त्यांची वाक्यं एकाच क्रमानं चालतात. त्याहून मोठं कारण म्हणजे ती तुझ्या कानावर पडली. पाणी दे, दार लाव, जेवायला चल. मावशीनं तुझी परीक्षा घेतली नाही आणि चुकलीस म्हणून कुणी गुण कापले नाहीत. जिला तिसरी भाषा अशी ऐकून आली, तिला चौथी येणार नाही असं मी मानायला तयार नाही.

आता इंग्रजी घे. तू मराठीत म्हणतेस: मी पेपर लिहिला, मी चिठ्ठी लिहिली, मी पत्र लिहिलं. लिहिणारी एकच, पण क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदललं. शिकायला आलेला परका माणूस इथं घाम गाळतो. इंग्रजीत तिन्हींना 'रोट'. पंखा तो, खुर्ची ती, कपाट ते, ही भानगड इंग्रजीत नाही. तू, तुम्ही, आपण यांतलं कुठलं वापरायचं हा पेच नाही. साध्या वर्तमानकाळात 'ही' किंवा 'शी' आलं की एक 'एस' लावायचा, बाकी क्रियापद जागचं हलत नाही. शब्दांची रूपं पाठ करण्याचं ओझं बघितलं तर इंग्रजी मराठीपेक्षा हलकी आहे.

जड कुठं जाते? पहिली गोष्ट स्पेलिंग. इथं अडचण तुझी नाही, त्या भाषेच्या इतिहासाची आहे. 1066 साली फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि फ्रेंच शब्दांचा लोंढा आला. 1476 च्या सुमारास विल्यम कॅक्स्टननं तिथं छापखाना आणला, आणि पुढच्या काळात स्पेलिंगं हळूहळू पक्की होत गेली. पण साधारण त्याच शतकांत लोकांच्या तोंडचे दीर्घ स्वर सरकत होते. कागदावरचा शब्द थांबला, तोंडातला पुढं गेला. गुडघ्याला जर्मन माणूस आजही 'क्नी' म्हणतो. इंग्रज पूर्वी तो 'क' उच्चारायचे, आता 'नी' म्हणतात, पण लिहिताना तो 'के' सोडलेला नाही. कर्जाच्या 'डेट' शब्दातला 'बी' तर उच्चारासाठी आलाच नव्हता. लॅटिन मूळ दिसावं म्हणून पंडितांनी तो मागाहून घुसवला. 'टफ', 'थ्रू', 'दो' आणि 'कॉफ' या चारही शब्दांच्या शेवटी तीच चार अक्षरं (ओ-यू-जी-एच) आहेत आणि उच्चार चार तऱ्हेचे.

म्हणून तुझ्या 'गॉज'वर हसणाऱ्यांना मी ठामपणे सांगेन, की तू विचार करून वाचलंस. 'ऑटो'मध्ये 'ए-यू'चा 'ऑ' होतो, 'कॉज'मध्ये होतो, मग इथंही होईल, हा अंदाज बरोबर होता. शब्द फ्रेंचमधून आलेला, तो वेगळा निघाला. आणि गंमत बघ, फौंड्रीत तू रोज 'गेज आण', 'गेज लाव' ऐकत होतीस. शब्द कानाला पक्का ठाऊक होता. पुस्तकातली अक्षरं म्हणजे तोच शब्द, हे मात्र तुला कुणी जोडून दिलेलं नव्हतं. देवनागरीत आपण बहुतेक लिहिलं तसं वाचतो, म्हणून डोळ्यांवर विश्वास टाकायची सवय लागते. इंग्रजीत आधी कानावर विश्वास टाकायचा. नवा शब्द दिसला की फोनवरच्या डिक्शनरीत त्याचा उच्चार ऐकायचा, मगच तोंडातून काढायचा.

दुसरी अडचण 'अ' आणि 'द' यांची. मराठीत त्यांना जोड नाही, त्यामुळे ते कुठं लावायचे हे आपल्याला आतून कळत नाही. वर्षानुवर्षं वापरणारेही चुकतात, आणि त्यावाचून मुलाखतीत कुणाचं अडत नाही. तिसरी उच्चारातल्या ठोक्याची: 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, 'फटॉग्रफर'मध्ये दुसऱ्यावर. हे ऐकूनच येतं.

जर्मन आणि जपानी मी मुळीच उडवून लावणार नाही. जर्मनचं स्पेलिंग बरंच सरळ आहे, वाचायला महिन्याभरात जमू लागतं. पण तिथं नामांना तीन लिंगं आहेत आणि 'डेर, डी, दास' प्रत्येक शब्दासोबत पाठ करावं लागतं. मराठी मुलीला तीन लिंगांचं नवल वाटणार नाही, पण कुठल्या शब्दाला कुठलं लिंग ते नव्यानंच शिकावं लागेल. वर चार विभक्त्या, आणि त्यांप्रमाणे ते 'डेर'ही बदलत जातं. जपानी वाक्याचा क्रम आपल्यासारखा: कर्ता, कर्म, शेवटी क्रियापद. 'घरात', 'टेबलावर' म्हणताना आपण जे मागून जोडतो, तेही ते मागूनच जोडतात. 'खाऊन बघ' या आपल्या बोलण्याला त्यांच्याकडे 'ताबेते मिरु' आहे, आणि तिथंही खाणं आणि बघणं हीच दोन क्रियापदं. बोलायला जपानी मराठी माणसाला जवळची वाटते, हे मी मनापासून सांगते. मग लिपी समोर येते. हिरागाना आणि काताकाना प्रत्येकी 46 मूळ अक्षरांच्या, आणि नेहमीच्या वापरासाठी सरकारनं ठरवलेली कांजी, म्हणजे चिनीवरून घेतलेली चिन्हं 2136.

तेव्हा तुझ्या मैत्रिणीची सोपी भाषा यांतली कुठलीच नाही. प्रत्येकीचा अवघड भाग वेगळ्या ठिकाणी आहे, इतकंच. इंग्रजीचा अवघड भाग तुझ्या वाट्याला शाळेत आधी आला, आणि सोपा भाग, म्हणजे बोलणं, आलाच नाही. महाराष्ट्रात 2000 सालापासून सगळ्या माध्यमांना पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी अनेक वर्गांत धडा वाचायचा, त्याचा मराठीत अर्थ सांगायचा आणि उत्तरं फळ्यावरून उतरवून घ्यायची, एवढंच चालतं. त्या सगळ्या वर्षांत तू स्वतःच्या मनातलं एखादं वाक्य इंग्रजीत किती वेळा बोललीस? हा दोष पोरांचा नाही. हुशार मुलं 'आपलं डोकंच नाही' असं मानून गप्प बसतात, याचं मला फार वाईट वाटतं. अशाच पद्धतीनं जर्मन शिकलीस तर दोन वर्षांनी हेच पत्र जर्मनबद्दल लिहावं लागेल.

आता फीचं. माझं मत स्पष्ट आहे: आत्ता कुठल्याच क्लासला मोठी रक्कम भरू नकोस. तुझ्या मुलाखती याच वर्षी आहेत. गोकुळ शिरगाव, शिरोली किंवा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या कंपनीत जर्मनच्या पहिल्या पायरीचं सर्टिफिकेट कुणी विचारणार नाही. ड्रॉइंग वाचता येतं का, ग्राहकाचा ईमेल समजतो का, ऑडिटला आलेल्या माणसाला दोन वाक्यांत काम सांगता येतं का, हे विचारतील.

त्याची तयारी तुझ्याच कामापासून सुरू कर. व्याकरणाचं पुस्तक बाजूला ठेव. ट्रेनिंगमधलं एक कास्टिंग डोळ्यांसमोर आण: पॅटर्न, मोल्डिंग, कोअर, फेटलिंग, मशीनिंग, इन्स्पेक्शन, रिजेक्शन. यांतला प्रत्येक शब्द तुला येतो, कामगारांबरोबर तू तो रोज वापरलास. आता मधले छोटे शब्द भरायचे. 'वी चेक द डायमेन्शन्स विथ अ व्हर्निअर.' 'इफ द होल इज ओव्हरसाइज, वी रिजेक्ट द जॉब.' अशी दहा-बारा वाक्यं लिही, मोठ्यानं बोल, फोनवर रेकॉर्ड कर आणि ऐक. दुसऱ्या दिवशी कागद न बघता तेच सांग. शब्द बदलले तरी चालतील, बदलायलाच हवेत, नाहीतर ते पुन्हा पाठांतर होईल. याच्या जोडीला रोज अर्धा तास ऐकणं. मशीनिंगचा पाच मिनिटांचा एखादा व्हिडिओ घे आणि आठवडाभर तोच ऐक, आधी खाली अक्षरं लावून, मग काढून. रोज नवा व्हिडिओ बघितला तर करमणूक होईल, कान तयार होणार नाही.

बोलायला एक माणूस लागेलच. होस्टेलवरची एखादी मैत्रीण गाठ, ती तुझ्याइतकीच अडखळणारी असली तर उत्तम. करार एवढाच, की वाक्य पुरं होईपर्यंत कुणी कुणाला मध्येच दुरुस्त करायचं नाही. मुलाखतीत प्रश्न कळला नाही तर 'कुड यू प्लीज रिपीट द क्वेश्चन?' असं शांतपणे विचार. त्यानं मत वाईट होत नाही, गप्प बसल्यानं होतं. आपल्याकडच्या मुलाखती घेणारे बरेच जण स्वतः मराठी माध्यमातले आहेत. उत्तर अर्ध्यात अडलं तर 'मे आय एक्स्प्लेन धिस पार्ट इन मराठी?' म्हणायलाही हरकत नाही, पण सुरुवात इंग्रजीत कर.

परदेशाचं म्हणशील, तर तो रस्ता खरा आहे. जर्मनीत पगारी व्यावसायिक प्रशिक्षण मिळतं, त्यासाठी बहुतेक ठिकाणी बी-1, म्हणजे खालून तिसऱ्या पातळीची जर्मन मागतात. जपाननं 2019 मध्ये कुशल कामगारांसाठी वेगळा व्हिसा सुरू केला, भारताशी त्याचा करार 2021 मध्ये झाला. त्याला साधारण एन-4, म्हणजे खालून दुसऱ्या पातळीची जपानी आणि कौशल्याची परीक्षा लागते. पण ए-1 किंवा एन-5 या पहिल्याच पायरीवर थांबलेल्याच्या हाती नोकरीच्या दृष्टीनं फारसं काही पडत नाही. तिकडं जायचंच असं मनाशी ठरलं असेल, घरच्यांशी बोलणं झालं असेल, तर शेकडो तास द्यायची तयारी ठेवून जर्मन घे, आणि मग मी तुला अडवणार नाही. इंग्रजीपासून सुटका म्हणून मात्र घेऊ नकोस.

क्लास बघायचाच झाला तर आधी शिवाजी विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात जाऊन अभ्यासक्रम आणि फी विचार, मग बाहेरच्या क्लासच्या फीशी ताडून बघ. भाषेसोबत नोकरीची हमी देणारा कुणी भेटला, तर तो परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला भरती एजंट आहे का, हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासल्याशिवाय वडिलांना एक रुपयाही देऊ देऊ नकोस. मूळ कागदपत्रं किंवा पासपोर्ट ठेवून घेणाऱ्याच्या दारात पुन्हा जाऊ नकोस.

पहिल्या मुलाखतीची तारीख कळली की कंपनी काय बनवते आणि जागा प्रॉडक्शनची आहे की क्वालिटीची, ते लिहून पाठव. दोन्हींकडचे प्रश्न वेगळे असतात, त्याप्रमाणे वाक्यं बेतून घेऊ.