उजव्या हाताचा गोलंदाज, डावी कंबर

प्रश्न : मुलगा 16 वर्षांचा, उजव्या हाताने वेगवान गोलंदाजी करतो. आठ महिन्यांत तिसऱ्यांदा कंबर धरली. दुखतं ते डावीकडे, पट्ट्याच्या रेषेवर. एक्स-रे नॉर्मल आहे. गोळ्या आणि दहा दिवसांच्या विश्रांतीने थांबतं, नेटमध्ये गेला की पुन्हा सुरू. स्नायू आखडतोय का?
— एक पालक, सांगली

उत्तर : स्नायूवर खापर फोडण्याआधी हाड तपासा. चेंडू सोडताना पुढचा पाय शरीराच्या वजनाच्या पाचपट किंवा त्याहून जास्त जोराने आदळतो. त्याच क्षणी कंबर मागे आणि बाजूला वाकून पिळली जाते. उजव्या हाताच्या गोलंदाजात हा भार कमरेच्या खालच्या दोन मणक्यांच्या डाव्या कमानीवर येतो. तिथे आधी हाड आतून सुजतं, मग बारीक चीर जाते : स्ट्रेस फ्रॅक्चर. सुरुवातीला एक्स-रेत ते बहुधा दिसतच नाही.

त्याला डाव्या पायावर उभं करा, हात धरा आणि हळूच मागे वाकायला सांगा. एका बोटाने दाखवता येईल अशी नेमकी तीच कळ आली, तर संशय बळावतो. नाही आली म्हणून निर्धास्त होऊ नका. ही चाचणी तेवढी भरवशाची नाही. एमआरआय करावा लागेल. चिठ्ठीवर डॉक्टरांकडून ‘वेगवान गोलंदाज, डाव्या पार्सला सूज आहे का’ एवढं लिहून घ्या (पार्स म्हणजे त्याच कमानीचा अरुंद भाग), नाहीतर फक्त मणक्यांमधल्या गाद्या पाहून अहवाल हातात पडतो.

निदान पक्कं झालं, तर गोलंदाजी किमान तीन महिने पूर्ण बंद. दुखणं काही आठवड्यांत जातं, हाड मात्र तेव्हा भरलेलं नसतं. दहा दिवसांचा हिशेब चुकतो तो इथेच. भुजंगासन, चक्रासनही तूर्त नको. दुखणं शमलं की साइड प्लँक, बर्ड-डॉग, ब्रिज हे कंबर स्थिर ठेवून करायचे व्यायाम सुरू करता येतात. परतताना आधी उभ्याने, मग अर्ध्या रनअपने, एक दिवसाआड 12 ते 18 चेंडू. वेग सगळ्यात शेवटी. सगळं जमून यायला सहा महिने किंवा जास्तही लागतात. जसप्रीत बुमराच्या कमरेत 2019 मध्ये असंच फ्रॅक्चर निघालं होतं. 2022 मध्ये पाठ पुन्हा दुखावली आणि मार्च 2023 मध्ये शस्त्रक्रिया झाली.

आणि एक वही करा. शाळा, क्लब, गल्लीतला टेनिस बॉल, सगळे चेंडू त्यात लिहा. प्रत्येक प्रशिक्षक आपापलेच चेंडू मोजतो.

प्रश्न : मी कबड्डी खेळते, वय 24. कंबर अधूनमधून धरते. एमआरआयमध्ये गादी फुगलेली दिसली. पायात कळ जात नाही. खेळ सोडू का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नाही. कंबर कधीच न दुखलेल्या लोकांतही असा फुगवटा सर्रास सापडतो. इथे पडून राहणं उलट बाधतं. एक-दोन दिवस झटापट टाळा, पण चालत राहा. मग पाठीला काठी लावून, डोकं, पाठ आणि माकडहाड काठीला टेकलेलं ठेवून, खुब्यातून वाकायला शिका. ते जमलं की हलक्या वजनाने डेडलिफ्ट, म्हणजे तसंच वाकून जमिनीवरचं वजन उचलणं, आठचे तीन सेट. दहापैकी तीनपर्यंत दुखलं आणि सकाळपर्यंत शमलं, तर चालेल. त्याहून जास्त झालं तर वजन उतरवा. पकडीत ओढलं जाताना वाकून पिळण्याचा सराव सगळ्यात शेवटी.

पाऊल घसटू लागलं, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी अडली, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठा.